कोकणातल्या खेड्यात जमीन घेऊन राहायचे असेल तर

कोकणात जमीन पाहायला येणारी मंडळी बहुतेक करून दिवाळी ते फेब्रुवारी या दिवसांत येतात. त्या वेळी विहिरींना पाणी असते, डोंगर अजून पुरते करपलेले नसतात, रस्ते कोरडे असतात आणि समोरच्या खाडीकडे पाहत पाहतच भाव ठरून जातो. जमिनीची परीक्षा मात्र वर्षातून दोनदा होते. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा एकदा, आणि जुलैत पऱ्याचे (डोंगरी ओढ्याचे) पाणी साकवावरून (छोट्या पुलावरून) वाहू लागते, वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही आणि लाल मातीच्या उतारावरून गाडी वर चढत नाही तेव्हा दुसऱ्यांदा. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही लहान शेतकरी गावात जमीन घेऊन राहण्याचा विचार असेल, तर इसार देण्यापूर्वी ती जागा या दोन्ही ऋतूंत पाहून घ्यावी. विक्रेत्याची तेवढी थांबायची तयारी नसेल, तर घाई कशासाठी आहे हे त्यालाच विचारावे. उत्तर त्याने दिले नाही तरी पुष्कळदा ते कागदपत्रांत सापडते.

भाव वाडीगणिक आणि रस्त्याच्या अंतरागणिक बदलतो, त्यामुळे या लेखात दरांची चर्चा केलेली नाही. कोकणात व्यवहार फसतो तो हिस्सेदार, वाट आणि पाणी या तीन ठिकाणी. यांपैकी एक जरी कच्चे राहिले तरी स्वस्तात घेतलेली जमीन पुढे महाग पडते. म्हणून तपासणीचा बहुतेक वेळ आणि वकिलावरचा खर्च याच तीन गोष्टींवर करावा.

हेतू आणि पात्रता

सर्वांत आधी जमीन कशासाठी हवी हे घरात बसून ठरवावे. कायम राहायचे असेल तर डोंगरावरच्या दोन एकरांपेक्षा वाडीला लागून असलेले दहा-पंधरा गुंठे अधिक उपयोगाचे ठरतात. कलमांची बाग करायची असेल तर उताराची, निचऱ्याची जमीन लागते आणि घर तिथेच असण्याची गरज नसते. नुसती घेऊन ठेवायची असेल, तर लांब राहणाऱ्या मालकाची राखण न झालेली जमीन कोकणात हळूहळू आक्रसत जाते, हे लक्षात ठेवावे. शेजारचा गडगा (दगडी कुंपण) दर उन्हाळ्यात हातभर पुढे येतो, आणि दहा वर्षांनी तो मागे घ्यायला कोणी तयार होत नाही.

जमिनीच्या जातीही ओळखता यायला हव्यात. भातशेतीची खाचरे सखल असतात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साचते, किंबहुना ते साचावे म्हणूनच ती तशी केलेली असतात. तिथे भराव टाकून घर बांधणे म्हणजे वरच्या खाचरांचा पाणलोट अडवून भांडण ओढवून घेणे होय. वरकस जमीन डोंगरउताराची असून नाचणी, वरी आणि आता प्रामुख्याने काजू-आंब्याची असते. समुद्रालगतच्या पुळणीत नारळ-सुपारीची आगरे असतात. कातळाच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) मातीचा थर वीतभरही नसतो. तिथे कलमे लावता येतात, पण सुरुंग लावून खड्डे काढावे लागतात आणि बाहेरून माती आणून भरावी लागते. खाडीकाठची खारजमीन बांध शाबूत असेपर्यंतच शेतीची असते. एकदा बांध फुटून भरतीचे पाणी आत शिरले आणि कांदळवन उगवले, की ती जमीन नावापुरतीच आपली राहते, कारण कांदळवनाला हात लावण्यास कायद्याने मनाई आहे.

यानंतर पात्रतेचा प्रश्न येतो. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि अशी परवानगी मागितली म्हणजे मिळतेच असे नाही. आपल्या किंवा वाडवडिलांच्या नावे राज्यात कोठेही शेतजमीन असेल, तर तिचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आधी हाताशी ठेवावा. आजोबांच्या मृत्यूनंतर वारसनोंदच झाली नसल्यामुळे स्वतः शेतकरी असल्याचे दाखवता येत नाही, अशी अवस्था मुंबईतील अनेक चाकरमान्यांची असते. त्यांनी नवी जमीन शोधण्याआधी जुन्या जमिनीची वारसनोंद करून घ्यावी. कोणाच्या तरी नावाने जमीन घेऊन नंतर आपल्या नावावर करू, असे एजंट सुचवतो, तेव्हा तिथेच बोलणे थांबवावे. शेतकरी नसलेल्यांसाठी गावठाणातले जुने घर किंवा रीतसर बिनशेती झालेला भूखंड हा सरळ मार्ग आहे. आदिवासी खातेदाराची जमीन मात्र बिगर-आदिवासीने, तो शेतकरी असला तरी, जमीन महसूल संहितेतील कलम ३६ आणि ३६-अ मधील परवानगीशिवाय घेऊ नये. रायगड जिल्ह्यात हा प्रश्न हमखास पुढे येतो.

सातबारा कसा वाचावा

कोकणातील सातबाऱ्यावर एका तुकड्याला पंधरा-वीस नावे का असतात, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात खोती होती. सारा वसूल करणारा खोत आणि प्रत्यक्ष कसणारे कूळ यांच्यातील संघर्षातून अलिबागजवळच्या चरी गावचा १९३३ साली सुरू झालेला दीर्घ संप घडला, १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले, आणि खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या अधिनियमाने. पुढे कूळ कायद्यातील दुरुस्तीमुळे १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. ज्या पणजोबांच्या नावावर ही जमीन झाली, त्यांची मुले आणि नातवंडे गिरणीत, गोदीत, बेस्टमध्ये नोकरीला गेली. घरात वाटण्या तोंडी झाल्या, कागदावर झाल्याच नाहीत. म्हणून आज जमीन दाखवणारा माणूस खरोखरच ती कसत असतो, लोकही तिला त्याचीच म्हणतात, आणि तरीही कायद्याने तो एका लहानशा हिश्श्याचा धनी असतो.

सातबाऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, सर्वप्रथम भूधारणा पद्धती पाहावी. भोगवटादार वर्ग १ असेल तर हस्तांतरणावर सहसा बंधन नसते. वर्ग २ असेल तर जमीन वतनाची आहे, शासनाने दिलेली आहे की कूळ कायद्याने मिळालेली आहे, हे फेरफारावरून (हक्कबदलाच्या नोंदीवरून) शोधून काढावे, कारण प्रत्येकाची परवानगी आणि नजराणा वेगळा असतो. कूळ कायद्याने विकत मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चा शेरा असतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षे झालेली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून, पूर्वपरवानगीविना, ती शेतकऱ्याला विकता येते. रक्कम किरकोळ असते, पण भरल्याचे चलन आणि शेरा कमी झाल्याचा फेरफार हे दोन्ही विक्रेत्याकडून व्यवहाराआधी घ्यावेत. देवस्थान इनामाची जमीन मात्र कितीही मोकळी आणि सुंदर दिसली तरी घेण्याच्या भानगडीत पडू नये.

‘इतर हक्क’ हा रकाना घाईत वाचण्याचा नाही. एका नमुनेदार उताऱ्यात काय काय सापडते ते पाहा: विकास सोसायटीचा जुना बोजा, जो फिटला असे सांगतात पण कमी झालेला नसतो, ‘विहिरीत चार आणे हिस्सा’ अशी शेजाऱ्याची नोंद, ‘आंबा झाडे २’ अशी भलत्याच माणसाच्या नावाची ओळ, आणि सर्वांत खाली एका कुळाचे नाव. यांतील झाडांची नोंद शहरातील खरेदीदाराला चमत्कारिक वाटते, परंतु कोकणात जमीन एकाची आणि झाडे दुसऱ्याची असणे जुनेच आहे, आणि ती झाडे काढायला मे महिन्यात त्यांचे मालक हक्काने बागेत येतात. कुळाचे नाव असेल तर तो माणूस आज हयात नसला तरी त्याचे वारस आहेत, असे धरून चालावे.

उताऱ्यावर ‘सामाईक’ असे लिहून खाली नावांची रांग असेल, तर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांशिवाय विशिष्ट तुकडा विकत मिळत नाही. एखाद्याने आपला अविभक्त हिस्सा विकला, तर खरेदीदार त्या मोठ्या भावकीत एक हिस्सेदार म्हणून दाखल होतो, एवढेच. त्याला मिळते ती कागदावरची टक्केवारी. ती जमिनीवर उतरवण्यासाठी पुन्हा वाटप, आणि वाटपासाठी पुन्हा त्याच सगळ्यांची संमती किंवा दिवाणी न्यायालय. बहिणींची नावे गाळलेली असतात ही दुसरी अडचण. ‘त्यांनी हक्क सोडला आहे’ हे तोंडी विधान पुरेसे नसून नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, कारण २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि भाव वाढल्यावर बोरिवलीची किंवा बडोद्याची आत्या हक्क मागायला आली तर तिचे काही चुकत नाही. म्हणूनच विक्रेत्याकडून आधी वंशावळ लिहून घ्यावी, ती पोलीस पाटलांकडून किंवा गावातील दोन वृद्धांकडून ताडून पाहावी, आणि मगच उतारा व सहा नंबरचे जुने फेरफार तिच्याशी जुळवावेत.

इथे एक व्यवहारातील युक्ती सांगण्यासारखी आहे. सगळी भावकी गावात एकत्र सापडते ती गणपतीत आणि शिमग्यात. एरवी ठाणे, नालासोपारा आणि सुरत इथे विखुरलेली माणसे या दिवसांत एकाच ओटीवर बसलेली असतात, त्यामुळे संमतीची बोलणी त्याच वेळी करावी. सह्यांची घाई मात्र तेव्हा करू नये. आरतीनंतर गप्पांत आलेला होकार आणि दुय्यम निबंधकांसमोर दिलेला होकार यांत पुष्कळ अंतर असते, आणि पालखी घरी येण्याच्या दिवशी जमिनीचा विषय काढलेला गावाला रुचतही नाही.

मोजणी, वाट आणि पाणी

सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि जाग्यावरचे क्षेत्र जुळतेच असे नाही. क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते, बोलणी गुंठ्यांत होतात (४० गुंठ्यांचा एकर), आणि त्यातला किती भाग पोटखराबा (लागवडीस अयोग्य) आहे हे विक्रेता क्वचितच सांगतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून शासकीय मोजणी करून घ्यावी, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या आहेत याची खात्री करावी, आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहून हद्दीच्या खुणांचे, म्हणजे प्रत्येक दगडाचे, पऱ्याच्या वळणाचे आणि जुन्या रायवळ आंब्याचे, फोटो काढून ठेवावेत. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती आल्याशिवाय खरेदीखत करू नये. पावसाळ्यात सहसा मोजणी होत नाही, म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारास दिलेला बरा. लहान तुकडा घेणाऱ्याने तुकडेबंदीही पाहावी. २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरवले आहे, आणि त्याहून लहान शेततुकड्याची स्वतंत्र विक्री अडचणीची ठरते. निवासी वापराच्या भागांना अलीकडे सवलती मिळाल्या आहेत, पण आपला गट त्यांत बसतो का, हे तहसील कार्यालयात विचारूनच पुढे जावे.

वाटेच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. जमिनीपर्यंत गाडी गेली, याचा अर्थ तिथे रस्ता आहे असा होत नाही; कदाचित ती कोणाच्या तरी कापलेल्या भातशेतातून गेलेली असते, आणि जूनमध्ये चिखलणी झाली की ती वाट संपते. पाखाडी (पायऱ्यांची पाऊलवाट) असेल तर ती माणसांसाठी आहे. तिच्यावरून चिरे (जांभ्याचे घडीव दगड) आणि सिमेंट डोक्यावरून न्यावे लागतात, आणि त्या मजुरीत बांधकामाचा बराच पैसा जातो. गट नकाशात रस्ता दाखवलेला आहे का, ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे गावात ज्याला २३ नंबर म्हणतात त्यात, त्याची नोंद आहे का, हे पाहावे. नसेल तर ज्यांच्या जमिनीतून वाट जाते त्यांच्याकडून रुंदीसह नोंदणीकृत लेखी हक्क घ्यावा आणि त्याचा खर्च किमतीतून वजा मागावा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, आणि असलेली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येते. पण तिथे जावे लागले म्हणजे शेजाऱ्याशी कायमचे वाकडे आले, हे धरूनच चालावे.

पाण्याबद्दल अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण इथे पाऊस भरपूर असल्यामुळे लोक निर्धास्त असतात. कोकणच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो आणि उतारावरून काही तासांत खाडीला मिळतो. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी चटकन मुरते, पण तितक्याच चटकन खालच्या झऱ्यांतून निघूनही जाते. त्यामुळे सड्यावरच्या विहिरी फेब्रुवारीतच आटतात आणि त्याच डोंगराच्या पायथ्याची विहीर मेअखेरपर्यंत टिकते. एप्रिल-मेमध्ये सकाळी दोरीला दगड बांधून विहिरीतील पाणी मोजावे, पंप लावून उपसावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजावे. रात्रीतून पाणी किती चढले, हा आकडा विक्रेत्याच्या कोणत्याही आश्वासनापेक्षा विश्वासाचा असतो. विहीर सामाईक असेल तर पाळी कशी ठरली आहे ते लिहून घ्यावे. खाडीजवळ बोअर मारताना विशेष सावध असावे, कारण सुरुवातीला गोडे लागलेले पाणी उपसा वाढला की मचूळ होते आणि नंतर नारळाखेरीज कशाला चालत नाही. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. गावात पावसाळा संपल्यावर पऱ्यावर श्रमदानाने कच्चे बंधारे घालण्याची पद्धत चालू आहे का, हेही विचारावे. जिथे ती चालू आहे तिथल्या विहिरी अधिक काळ टिकतात, आणि गाव एकत्र काम करू शकतो, हेही त्यावरून कळते.

घर कोठे उभे राहू शकते

कोकणी गाव वाड्यावाड्यांत पसरलेले असते, त्यामुळे नकाशावरचे गावठाण अनेक ठिकाणी अगदी लहान असते किंवा नसतेच, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरे शेतजमिनीतच उभी असतात. जुने कौलारू घर विकत घेताना ग्रामपंचायतीच्या असेसमेंटचा नमुना ८ आणि खालच्या जमिनीचा सातबारा हे दोन्ही स्वतंत्रपणे पाहावेत, कारण घरपट्टी एकाच्या नावावर आणि जमीन चुलत घराण्याच्या नावावर, असे सर्रास असते. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे.

नवे घर बांधायचे असेल तर गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीला कलम ४२-ड मुळे बिनशेतीची प्रक्रिया सोपी झाली आहे. रूपांतरण कर भरून निवासी वापर मिळतो. त्याबाहेर प्रादेशिक योजनेतील विभाग कोणता आहे ते नगररचना कार्यालयातून झोन दाखला घेऊन पाहावे. शेतघरासाठी साधारणपणे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एक एकर, धारण क्षेत्र लागते. ‘शेतघर दाखवून बंगला बांधा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण पुढे गृहकर्ज आणि पुनर्विक्री या दोन्ही वेळी ते घर अडते.

समुद्र आणि खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामावरचे नियम, आले. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेल्या दाट ग्रामीण भागात तो ५० मीटर आहे. आपल्या ओळखीची बहुतेक निवांत गावे विरळ वर्गातच मोडतात. खाडीकाठालाही पट्टा लागू असतो, हे खरेदीदार विसरतात. शेजारी रिसॉर्ट उभे आहे, म्हणजे आपल्यालाही बांधता येईल, असा निष्कर्ष काढू नये. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर आपला गट नेमका कोठे पडतो, तेवढेच पाहावे. डोंगराच्या बाजूला दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे खाजगी वने, जी ३० ऑगस्ट १९७५ पासून कायद्याने शासनाकडे गेली. सिंधुदुर्गात ‘वनसंज्ञा’ (वन म्हणून नोंद) आणि ‘आकारीपड’ (सारा थकल्यामुळे सरकारजमा) हे शब्द ऐकू आले तर वकिलाशिवाय पाऊल उचलू नये, आणि आंबोली, गेळे, चौकुळ या गावांतील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न तर स्वतंत्रच आहे. दुसरी गोष्ट दरडींची. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला आणि त्याच दिवशी चिपळूण पुराच्या पाण्याखाली गेले. घराची जागा निवडताना वरच्या उतारावर नव्याने खोदलेला रस्ता, चिऱ्याची खाण किंवा जमिनीतली भेग दिसली, तर दृश्य कितीही चांगले असले तरी ती जागा सोडावी.

शेती पोटापुरते देईल का

याचे स्पष्ट उत्तर असे की पहिली सात-आठ वर्षे देणार नाही, आणि पुढेही दरवर्षी सारखे देणार नाही. हापूसची कलमे दहा मीटर अंतराने लावली तर एकरी चाळीसच बसतात, पाचव्या वर्षानंतर थोडीफार लागतात आणि भरात यायला दहा-बारा वर्षे जातात. त्यातही एका वर्षी मोहोर आणि दुसऱ्या वर्षी नुसती पालवी, हा हापूसचा स्वभावच आहे. तो आवरण्यासाठी पावसाळ्यात पॅक्लोब्युट्राझोल हे मोहोर आणणारे औषध घालतात, पुढे तुडतुडे आणि फुलकिडी यांच्यासाठी फवारण्या होतात, आणि मग फेब्रुवारीत एका रात्रीचा अवकाळी पाऊस सगळा हिशेब बदलून टाकतो. पेट्या वाशीच्या बाजाराला गेल्या की हातात येते ती दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती). तिच्यातून भाडे, हमाली, खोकी आणि औषधांची उधारी वजा केल्यावर काय उरते, ते गावातील दोन बागायतदारांना शांतपणे विचारावे. नवख्याने पहिली काही वर्षे तयार बाग अनुभवी माणसाला कराराने देणे शहाणपणाचे आहे. करारात मात्र फवारणीची आणि पॅक्लोब्युट्राझोलची मात्रा ठरवून घ्यावी, कारण एका हंगामासाठी बाग घेणाऱ्याला झाडाच्या पुढच्या वीस वर्षांशी कर्तव्य नसते.

काजू कमी लाडाचा आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ ही कलमे तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी देऊ लागतात आणि वरकस जमिनीत तगतात. त्यांचा मोठा शत्रू म्हणजे वणवा. सड्यावरचे गवत वाळले की फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणाची तरी विडी पुरते, म्हणून बागेभोवती गवत कापून रुंद पट्टा मोकळा ठेवण्याचा खर्च दरवर्षी धरावा. नारळ-सुपारीच्या आगराला पाणी बारमाही लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागांतील सुपारीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, आणि त्यांच्या जागी लावलेल्या रोपांचे उत्पन्न हाती यायला वर्षे लागली. भात घरच्या तांदळापुरते करावे. लागवडीसाठी फुंडकर फळबाग योजना आहे, आणि मार्गदर्शनासाठी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. रोपे शक्यतो त्याच्या रोपवाटिकांतून घ्यावीत. माकडांविषयी मात्र विद्यापीठाकडेही रामबाण उपाय नाही. परसातला भाजीपाला, कोवळे नारळ आणि पपई आधी त्यांची, मग आपली.

मनुष्यबळ ही आजची खरी टंचाई आहे. गावातील तरुण मुले शहरात आहेत, त्यामुळे राखणीला आणि बागकामाला नेपाळी कुटुंबे येतात. ती ऑक्टोबरच्या सुमारास येऊन पावसाळ्याआधी परततात. त्यांच्यासाठी खोली, संडास आणि पाण्याची सोय बागेतच करावी लागते.

गावात राहायला येताना

वाडीत घर घेणारा माणूस गावकीत येतो, त्याची इच्छा असो वा नसो. ग्रामदेवतेच्या उत्सवाची वर्गणी, साकवाची डागडुजी, कोणाच्या घरी मयत झाल्यावरची हजेरी, यांत जो दिसतो त्याला मध्यरात्री गाडी चिखलात रुतली तर माणसे मिळतात. पालखीचे मानपान आणि मानकऱ्यांचे वाद पिढीजात असतात. नव्या माणसाने त्यांत बाजू घेऊ नये. शेजारच्याची गुरे आपल्या पडीक वरकसात वर्षानुवर्षे चरत आली असतील, तर पहिल्याच महिन्यात तारेचे कुंपण घालून ती बंद करण्याऐवजी आधी बोलावे आणि फाटक कोठे ठेवायचे हे त्याच्याबरोबर ठरवावे.

आरोग्याचा विचार साठीनंतर येणाऱ्यांनी सर्वांत आधी करावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस असते का आणि रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, ते स्वतः जाऊन पाहावे. फुरसे आणि घोणस इथे नवलाईचे नाहीत. मोठ्या रुग्णालयापर्यंत पावसात किती वेळ लागतो, ते एकदा गाडीने जाऊन बघावे. विजेसाठी इन्व्हर्टर, खाऱ्या हवेसाठी गंज न धरणारे पत्रे आणि खिळे, आणि जूनपूर्वी लाकूडफाटा, गॅस, कडधान्ये यांची बेगमी हे जुन्या घरांचे नियम नव्या घरांनाही लागू आहेत.

भाव वाढतील या आशेवर येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर, कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली आणि २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. प्रत्येक वेळी स्थानकाजवळच्या, रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव वाढले, आतल्या वाड्यांचे फारसे हलले नाहीत. नाणार आणि बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पांच्या वेळी बाहेरच्यांनी घाईने घेतलेल्या जमिनींची चर्चा सर्वांना ठाऊक आहे. प्रकल्पाच्या बातमीवर जमीन घेऊ नये. शिवाय विकायची वेळ आली तर शेतजमिनीला गिऱ्हाईकही शेतकरीच लागते, त्यामुळे पैसा अडकून राहण्याची तयारी ठेवावी.

व्यवहार पक्का झाला की मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल, स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचे नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार), या क्रमाने जावे. इसार चेकने द्यावा, एकट्या भावाच्या हाती रोख देऊ नये. कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होत असेल, तर पत्र देणारा हयात आहे का आणि पत्र रद्द झालेले नाही ना, हे खरेदीखताच्या दिवशीही पुन्हा विचारावे. खरेदीखतानंतर फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्या मुदतीत गावात फेरी मारावी, कारण हरकत येणार असेल तर ती चहाच्या टपरीवर आधी कळते. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि नव्या सातबाऱ्यावर आपले नाव आले, की त्याच हंगामात ई-पीक पाहणीवर आपले पीक स्वतः नोंदवावे, पिकाच्या रकान्यात दुसऱ्या कोणाचे नाव राहू देऊ नये, आणि मोजणीच्या खुणांवर जांभ्याचा गडगा पावसाआधी, शेजाऱ्यांना उभे करूनच, घालून घ्यावा.